दोन फिश टँक जोडायचेत: एक ८ मिमीचा, एक ६ मिमीचा. काच टिकेल का?

सुमेध_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. हॉलमध्ये ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच असा टँक आहे. काच ८ मिमी, आत ओरांडा आणि कॉमेट गोल्डफिश. मित्राची बंगळूरला बदली झाली आणि जाताना त्याने त्याचा टँक माझ्या गळ्यात मारला. तो ३ फूट लांब, रुंदी-उंची तेवढीच. पण काच ६ मिमीची, आणि वर पुढे-मागे दोन इंची काचेच्या पट्ट्या चिकटवलेल्या.

भिंत आठ फुटी आहे. दोन्ही शेजारी ठेवले तर सात फूट होतात. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय की हे जोडून एकच लांब टँक का करू नये. तीन पर्याय सुचलेत. पहिला, समोरासमोरच्या साइडच्या काचा काढून दोन्ही टँक सिलिकॉनने चिकटवायचे. दुसरा, दोन्ही साइडना भोक पाडून पाइपने जोडायचे. तिसरा, तो उलटा काचेचा पूल करतात ना, ज्यातून मासे वरून इकडून तिकडे जातात, तो करायचा.

इथला दुकानदार म्हणतो, "जोडाजोडी कशाला, दोन फूट उंचीचा नवीन टँक घ्या, ८ मिमीत करून देतो, वर पट्ट्या मारतो, काही होत नाही." फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली राहणारे काका आधीच माझ्यावर खार खाऊन असतात, तेव्हा पाणी खाली जाणं परवडणार नाही.

खाडीकर

तिसरा! डोळे मिटून तिसरा. आमच्याकडे पडवीत असा पूल आहे आणि पाहुणे टीव्हीकडे ढुंकून बघत नाहीत. तोंड खाली केलेली काचेची पेटी, तिचे दोन पाय दोन टँकच्या पाण्यात बुडलेले, आणि वरची हवा नळीने ओढून घेतली की पाणी आपोआप वर चढतं. हवेच्या दाबावर उभं राहतं ते.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. पुलाच्या माथ्यावर रोज थोडी थोडी हवा साठते, उन्हाळ्यात जास्त. तिथे एक छोटी नळी आणि कॉक ठेवा, अधूनमधून हवा ओढून काढायची. आणि पुलाला कुठे बारीकशी चीर असेल तर बाहेर पाणी गळत नाही, उलट हवा आत शिरते आणि पुलातलं सगळं पाणी खाली टँकमध्ये उतरतं. तेवढी जागा टँकमध्ये रिकामी ठेवावी लागते.

अण्णा_काचवाला

सुमेध, काच कापण्यात माझी हयात गेली. इचलकरंजीत दुकान आहे. थोडी लांबण लागेल, चहा घेऊन बस.

पहिला पर्याय डोक्यातून काढून टाक. साइडची काच नुसती बाजू बंद करायला नसते, ती समोरच्या काचेला टोकाला धरून ठेवते. तू मधल्या दोन्ही साइड काढल्यास तर समोर राहतं काय? एक चार फुटी काच, एक तीन फुटी काच आणि त्यांच्यामध्ये सिलिकॉनचा एक उभा सांधा, ज्याच्या मागे कुणी नाही. पाणी काचेला बाहेर फुगवतं आणि सगळ्यात जास्त फुगवटा असतो मधल्या भागात, वरच्या काठाशी. म्हणजे बरोबर तुझ्या सांध्याजवळ. सिलिकॉन ताण घेतं, पण दोन काचांना एक ताठ काच बनवणं त्याला जमत नाही. त्यात एकीकडे ८ मिमी आणि दुसरीकडे ६. शिवाय जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन धरत नाही. जुनं ब्लेडने मुळापासून खरवडून काढलं तरच नवं काचेला चिकटतं, आणि सांध्याच्या कोपऱ्यात ते शंभर टक्के कधीच निघत नाही.

आता जाडी. दुकानात येणारा प्रत्येक माणूस विचारतो, "इतक्या लिटरला किती एमएम?" काचेला लिटरशी काही देणंघेणं नसतं. दाब ठरतो पाण्याच्या खोलीवर. तुझा चार फुटी टँक काठोकाठ भरला तर समोरच्या काचेवर एकूण साधारण १२७ किलोचा जोर येतो. तीच लांबी ठेवून उंची दोन फूट केली तर २२७ किलो. उंची वाढली अर्धा फूट, जोर झाला जवळजवळ पावणेदोन पट. लांबी-रुंदी वाढवताना लोक घाबरतात आणि उंची बिनधास्त वाढवतात. उलटं आहे सगळं.

आम्ही जे गणित वापरतो ते लिहून देतो, घरी करून बघ. पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये घे, तिचा घन कर, एक लाखाने भाग. आलेल्या आकड्याला लांबी-उंचीच्या गुणोत्तराच्या आकड्याने गुण. वरचा काठ मोकळा असेल तर तो आकडा असा: लांबी उंचीइतकीच असेल तर ०.१६, दीडपटीला ०.२६, दुपटीला ०.३२, अडीचपटीला ०.३५, तिपटीला ०.३७. मग ५.०५ ने भाग आणि वर्गमूळ काढ. येते ती जाडी मिमीमध्ये. हे ५.०५ कुठून आलं? साध्या फ्लोट काचेची वाकण्यातली ताकद दर चौरस मिलिमीटरला १९.२ न्यूटन धरतात आणि ती ३.८ ने भागतात. ३.८ हा सेफ्टी फॅक्टर, म्हणजे येणाऱ्या ताणाच्या किती पट ताकद काचेत हवी तो आकडा.

तुझा ८ मिमीचा टँक काठोकाठ भरला तर गणित ८.२ मिमी मागतं. म्हणजे तू ३.६ वर आहेस. चालेल. तीन फुटी टँक गणिताने ७.८ मिमी मागतो आणि काच आहे ६. तिथे सेफ्टी फॅक्टर उरतो सव्वादोन. वरच्या पट्ट्यांचा फायदा होतो, नाही असं नाही, पण त्या कुणी लावल्या, कशाने लावल्या हे आपल्याला ठाऊक नाही. म्हणून मी त्या धरत नाही. एकदा व्हर्निअर लावून काचही मोज. ६ म्हणून विकलेली काच ५.८ निघू शकते.

तुझ्या दुकानदाराचा दोन फूट उंचीचा टँक? चार फूट लांबीला गणित बरोबर १२ मिमी मागतं. ८ मिमीत तो १.७ वर येतो. "पट्ट्या मारतो" हे वाक्य ऐकलं की मी दुकानातून उठून जातो, स्वतःच्या दुकानातूनसुद्धा.

आता तुझ्या प्रश्नाची खरी गोम. दोन टँक पाइपने जोड की पुलाने, पाणी एकच होतं. गवंड्याची लेव्हल पाइप बघितली असशील, दोन्ही टोकांना पाणी एका रेषेत येतं. तुझे टँक म्हणजे तीच पाइप. म्हणून मोठ्या टँकमध्ये १७ इंच आणि लहान्यात १५ असं ठेवता येणार नाही. कमजोर टँक जेवढं पाणी पेलेल तेवढंच दोघांत. तीन फुटीत पाणी १६ इंचांवर थांबवलंस तर सव्वादोनचे ३.१ होतात. केवळ दोन इंचांनी! मग ८ मिमीचा टँक तर आरामात. पण १६ म्हणजे १६.

आणि स्टँड. दोन वेगवेगळे स्टँड असतील आणि तीन फुटीचा दोन इंच बुटका निघाला, तर त्यात पाणी १८ इंच होणार, तू वरून कितीही मापलंस तरी. दोन्ही टँक एकाच स्टँडवर घे, लोखंडी अँगलचा. वेगळे स्टँड असतील तर एक जरासा बसला तरी ताठ पीव्हीसी पाइप साइडच्या काचेला भोकापाशी ओढतो आणि काच तिथूनच तडकते. मध्ये तारेची किंवा दोऱ्याची फ्लेक्सिबल नळी दिलीस तर ते टळतं.

माझं मत दुसऱ्या पर्यायाला.

रमा_नाशिक

मी स्ट्रक्चरल कामं करते, म्हणून फक्त मजल्याबद्दल बोलते. अण्णांच्या १६ इंचांवर दोन्ही टँकमध्ये मिळून सुमारे ४०० लिटर पाणी. काच साधारण ६५ ते ७० किलो, वाळू-दगड आणि लोखंडी स्टँड धरलं तर साडेपाचशेच्या घरात जाल. आणि हे सगळं साधारण एक चौरस मीटर जागेवर.

राहत्या खोल्यांसाठी आयएस ८७५ (इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक) च्या दुसऱ्या भागात चौरस मीटरला २०० किलो धरतात. ऐकून दचकू नका. ते पूर्ण खोलीभर पसरलेलं वजन असतं, आणि एका भिंतीलगत साडेपाचशे किलो म्हणजे लगेच स्लॅब खाली असं होत नाही. पण ते खोलीच्या मध्यावर नको. ज्या भिंतीखाली बीम आहे तिला चिकटून लांबी ठेवा. खालच्या काकांच्या हॉलमध्ये छताकडे बघितलंत तर बीम दिसेल (संबंध ताणलेले असले तरी त्यासाठी पेढे घेऊन जा). स्टँडच्या पायांखाली एकेक पट्टी द्या, म्हणजे भार टाइलवर ठिपक्यासारखा येणार नाही. आणि गॅलरीत अजिबात नको. बाहेर काढलेला स्लॅब असेल तर तिथे असलं कायमचं वजन मी कुणालाच ठेवू देत नाही.

दोन फुटी टँकचा विचार केलात तर हे सगळं पुन्हा मोजावं लागेल.

निवांत_नागपूरकर

काहून घाबरवता भाऊ लोकांना. माझ्याकडे चार फुटी टँक ६ मिमीचा आहे, दीड फूट उंच, कैक वर्षं झाली, थेंब नाही गळला. गणितं करत बसलं तर कोणी मासेच नाही पाळणार. काच फुटायची असली तर पहिल्याच दिवशी फुटते.

अण्णा_काचवाला

निवांतभाऊ, तुमचा टँक उभा आहे याचा आनंदच आहे. काठोकाठ भरत असाल तर तो दोनवर उभा आहे, म्हणजे एकाच्या वर आहे, म्हणून उभा आहे. पण शेवटचं वाक्य मात्र चुकीचं. पहिल्याच दिवशी फुटते ती काच नशीबवानाची, तेव्हा माणूस समोर टॉवेल घेऊन बसलेला असतो.

काचेच्या काठावर, पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा असतातच. कायम ताण असला आणि भोवती ओलावा असला की त्या चिरांच्या टोकाला पाणी काचेचे बंध हळूहळू तोडत राहतं. म्हणून जी काच काही सेकंद एखादा भार सहज घेते, तीच काच तो भार वर्षानुवर्षं घेऊ शकत नाही. दीर्घकाळच्या भाराला काचेची ताकद अल्पकाळच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश धरतात. ३.८ हा भित्र्या माणसाचा आकडा वाटतो तो यामुळे. आणि म्हणूनच मी दगड-वाळू उपसताना काचेला ओरखडा पाडणाऱ्याला दुकानात ओरडतो. ओरखडा आतून, खालच्या तिसऱ्या हिश्शात असेल तर तो टँक मी पुन्हा भरत नाही.

सुमेध_कोल्हापूर

बापरे, एवढं सविस्तर! अण्णा, रमाताई, मनापासून आभार. नागपूरकर, तुमचेही, कारण माझ्या मनातलं तुम्ही बोललात आणि उत्तर मिळालं.

दोन फुटीचा विचार रद्द. पहिला पर्यायही रद्द. खाडीकर, पुलाचा मोह अजून सुटत नाही, पण अण्णांचं गणित वाचून मी दुसऱ्याकडे वळतोय. तरी तीन शंका. एक, ६ मिमीच्या समोरच्या काचेला बाहेरून आणखी एक ६ मिमी चिकटवली तर १२ मिमी होईल ना? म्हणजे पाणी १७ पर्यंत नेता येईल. दोन, कोणत्या मापाचा पाइप आणि भोक कुठे? तीन, पाइपमधून मासे जातील का?

अण्णा_काचवाला

एक. नाही. मध्ये सिलिकॉन आलं की दोन काचा एकमेकींवर घसरू शकतात, त्या वेगवेगळ्याच वाकतात. दोघी अर्धा-अर्धा भार घेतात, एवढंच. म्हणजे ताकदीच्या हिशेबात ६ + ६ हे साधारण ८.५ मिमीच्या एका काचेइतकं होतं, १२ नाही. आणि तेही पूर्ण पृष्ठभाग नीट चिकटला तर, जे घरी कुणाला जमत नाही. बुडबुडे राहतात आणि पाच फुटांवरून दिसतात. पाणी १६ वर ठेव, पैसे वाचव.

दोन. इथे लोक हमखास पातळ पाइप घालतात. फिल्टरचं पाणी मोठ्या टँकमधून ओढून लहान्यात सोडायचं आणि जोडपाइपने परत येऊ द्यायचं, अशी रचना धर. पंप तासाला १००० लिटरचा असेल आणि पाइप एक इंची, तर तेवढं पाणी परत ढकलायला लहान्या टँकमध्ये तीन-चार सेंटिमीटर जास्त पाणी उभं राहतं. म्हणजे मोठ्यात १६ इंच ठेवलेस तर लहान्यात साडेसतरापर्यंत जातं, तेही कमजोर टँकमध्ये. तोच पाइप दोन इंची घेतला तर फरक दोनेक मिलिमीटर. व्यास दुप्पट केला की फरक सोळाव्या हिश्शावर येतो. म्हणून दोन इंची टँक निपल घे, म्हणजे काचेच्या भोकात नटाने आवळायचा जोड. तुमच्याकडे मिळतीलच, पुण्याला गेलास तर बोहरी आळीत ढीग असतात. निपल आधी हातात घे, त्याच्या आट्यांचा बाहेरचा व्यास मोज आणि मगच होल सॉ (गोल भोक पाडायची करवत) घे. पेटीवर लिहिलेल्या मापावर भोक पाडू नकोस.

भोकाची कड काचेच्या कुठल्याही काठापासून किमान भोकाच्या व्यासाइतकी आत हवी. तळाला भोक नको. वरच्या अर्ध्यात घे, समज तळापासून भोकाची खालची कड ११ इंचांवर. कारण दोनपैकी एक टँक गळला तर दुसऱ्याचं पाणी भोकापर्यंतच उतरेल, अकरा इंच पाण्यात मासे तगतील. आणि काकांच्या छतावर चारशेऐवजी कमी लिटर जातील. मध्ये बॉल व्हॉल्व आणि युनियन (उघडता येणारा पाइपचा जोड) टाक, एक टँक धुवायचा असेल तेव्हा हात जोडशील मला.

भोक पाडण्याआधी काच टफन (तापवून कडक केलेली) तर नाही ना बघ. कोपऱ्यात शिक्का असतो कधी कधी. नाहीतर काचेमागे लॅपटॉपचा पांढरा स्क्रीन लाव आणि पोलराइज्ड गॉगल घालून, मान तिरकी करत बघ. ढगाळ डाग किंवा पट्टे दिसले तर ती टफन, तिला ड्रिल लावलंस की चुरा होईल. साधी काच असेल तर डायमंड होल सॉ, सतत पाणी, कमी वेग, दाब न देता. मागून लाकडी फळी टेकव. शेवटचा मिलिमीटर घाई केलीस की मागच्या बाजूने टवका उडतो. हात बसला नसेल तर टँक काचवाल्याकडे घेऊन जा, पैसे घेईल पण तुटली तर जबाबदारी त्याची, हे आधी तोंडावर बोलून घे. निपलचा रबर वायसर पाण्याच्या बाजूला, नट बाहेर. हाताने आवळ आणि वर पाव फेरा. पान्याने जोर काढलास तर काच नटापाशी तडकेल.

पंपाचं सक्शन मोठ्या टँकमध्ये पाण्याखाली फक्त एक इंचावर ठेव. समज जोडपाइपची जाळी शेवाळाने तुंबली. पंप मोठ्यातून ओढतच राहील, पण इंचभर पाणी गेलं की हवा खाईल आणि पाणी ओढणं थांबेल. ते इंचभर पाणी लहान्या टँकमध्ये जेमतेम सव्वा-दीड इंच चढतं. वर तुझे दोन इंच मोकळे आहेत, जमिनीवर येणार नाही. सक्शन तळाशी ठेवलंस तर मात्र काका वर येतील. पंप कोरडा चालत राहू नये म्हणून दिवसातून एकदा नजर टाक.

तीन. ओरांडा दोन इंचीतून जाणार नाही, अडकेल. कॉमेट लहान असतील तर घुसायला बघतील. दोन्ही बाजूंना जाळी लाव. दोन टँकचं पाणी एक होईल, मासे नाही.

खाडीकर

मासे जाणार नसतील तर जोडायचं कशाला, असं माझं ठाम मत आहे. अण्णा, भोकं पाडा, पण पुलालाही परवानगी द्या. एक फूट बाय एक फूट, एक फूट उंच पुलात २८ लिटर पाणी. तो उतरला तर सात फुटांत सव्वा इंचाच्या आत पाणी चढेल. तुमचे दोन इंच पुरतात.

अण्णा_काचवाला

हिशेब बरोबर आहे तुझा. पण दोन्ही अपघात एकाच दिवशी झाले तर पुरत नाहीत. शिवाय पुलाच्या काचेवर उलटा जोर असतो हे विसरू नकोस. पाण्याच्या पातळीच्या वर एक फूट पूल उभा केलास तर माथ्याच्या एक फूट बाय एक फूट काचेला बाहेरची हवा साधारण २८ किलोच्या जोराने आत दाबते. ४ मिमीचे पूल मी बघितलेत. मी ६ च्या खाली करत नाही आणि सिलिकॉन आठवडाभर वाळल्याशिवाय हवा ओढत नाही. सिलिकॉन व्हिनेगरसारखा वास येणारंच घ्यायचं, बाथरूमचं बुरशीरोधक नाही, त्यातलं औषध माशांना मारतं.

सुमेध, पूल नंतर कर हवा तर. आधी पाइपने जोड, दोन्ही टँक जागेवर ठेवून मासे न सोडता १६ इंच भर आणि दोन-तीन दिवस तसेच राहू दे. प्रत्येक सांध्याखाली वर्तमानपत्र अंथर, थेंब पडला तर कागद सांगेल. समोरच्या काचेला आडवी सरळ पट्टी लावून मधला फुगवटा बघ, रोज वाढत असेल तर उपस.

आणि कॉमेट त्या लहान टँकमध्ये सोडणार असशील तर वर जाळीचं झाकण कर. पाणी वरच्या काठापासून दोनच इंच खाली आहे, ते उडी मारतात.